पैसे मोजले, मालकी कुणाची?

जागतिक ग्राहक हक्क दिन दर वर्षी येतो. भेसळ, मापातली लबाडी, बिल्डरांनी अडवून ठेवलेले ताबे यांवर त्या दिवशी ठिकठिकाणी बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. पण आपल्या घराघरांत मोबाइलवर रोज आणखी एक खरेदी चालते. गेममधले पोशाख, शस्त्रे, गाड्या, आभासी जमिनी. त्यासाठी मोजलेले पैसे खरे असतात. वस्तू मात्र कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि तिथली किल्लीही कंपनीकडेच.

याचा अनुभव आपल्या मुलांनी घेतलेला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइल या गेमवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला कंपनीने इथली सेवा थांबवली. बंदीचे कारण सुरक्षेचे होते, तो वाद वेगळा. पण खाऊचे पैसे साठवून घेतलेल्या ‘स्किन’, म्हणजे खेळातले पोशाख आणि शस्त्रांची सजावट, एका दिवसात गेल्या. पुढच्या वर्षी त्याच खेळाचा भारतीय अवतार बीजीएमआय आला तेव्हा जुना ऐवज नव्या खात्यात नेण्याची सोय ठरावीक मुदतीपुरती मिळाली. ती कंपनीच्या मर्जीने मिळाली, खेळाडूंच्या हक्काने नव्हे.

खेळातल्या वस्तूला कसली आली मालकी, असे म्हणणाऱ्यांनी नेदरलँड्समधला एक खटला जरूर पाहावा. २००७ साली तिथल्या लेउवार्डन शहराजवळ दोन मुलांनी एका तेरा वर्षांच्या मुलाला लाथाबुक्क्यांनी तुडवले, चाकूचा धाक दाखवला आणि ‘रूनस्केप’ या ऑनलाइन खेळातले त्याचे खाते उघडायला लावले. त्या खात्यातला एक ताईत आणि एक मुखवटा त्यांनी आपल्याकडे वळवून घेतला. बचावाचे म्हणणे असे, की या नुसत्या संगणकीय नोंदी आहेत आणि खेळ तर कंपनीचा आहे. मग चोरी कशाची? ३१ जानेवारी २०१२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. मुलाने वेळ आणि कष्ट घालून त्या वस्तू मिळवल्या होत्या, त्या त्याच्या ताब्यात होत्या आणि त्याच्याकडून गेल्या, एवढे चोरी ठरायला पुरेसे होते. याच न्यायालयाने १९२१ मध्ये विजेची चोरी हीदेखील चोरीच, असा निवाडा दिला होता.

चोर बाहेरचा असेल तर कायदा असा धावून येतो. वस्तू हिरावणारी कंपनीच असेल तर? अमेरिकेत ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात पेनसिल्व्हेनियाचे वकील मार्क ब्रॅग यांनी २००६ मध्ये ३०० डॉलरला जमिनीचा तुकडा घेतला. आडवाटेने लिलावात शिरल्याचा ठपका ठेवून कंपनीने त्यांचे अख्खे खाते गोठवले. त्यांची बाकीची मिळकतही त्यात अडकली. तक्रार असेल तर आमच्याच शहरात, लवादापुढे या, असे करारात लिहिले होते. न्यायाधीश एदुआर्दो रोब्रेनो यांनी २००७ मध्ये ते कलम एकतर्फी आणि अन्यायकारक ठरवले. पुढे तडजोड झाली आणि मालकीचा मूळ प्रश्न निकालाविना राहिला.

तो आजही तसाच आहे. ‘द क्रू’ हा २०१४ चा खेळ युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. लोकांच्या कपाटात डिस्क आहेत, पण एकट्याने खेळायचे म्हटले तरी खेळ सुरू होत नाही. यातून युरोपात मोहीम उभी राहिली आणि तिथल्या नागरिकांच्या याचिकेवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून विक्रेत्यांना बजावले आहे, की केवळ परवाना देत असाल तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगा. सांगणे चांगलेच, पण सांगून केलेली अडवणूक ही अडवणूकच.

कंपन्यांनी सर्व्हर अनंतकाळ चालवावेत, असे कुणी म्हणत नाही. खाते बंद करायचे तर कारण द्या, बाजू ऐकून घ्या. जग मिटवायचे तर पुरेशी आधी सूचना द्या आणि लोकांनी घडवलेले त्यांना नेता येईल अशी सोय करा. आपल्या महाराष्ट्राला हे तत्त्व परके वाटू नये. कसणाऱ्याच्या घामाला जमिनीत हक्क आहे हे कूळकायद्याने मानले आणि मालकाच्या लहरीने कुळाला हुसकावणे अवघड केले. आभासी जगांतले रस्ते, घरे, बाजार आणि मैत्र्याही तिथल्या रहिवाशांनीच उभ्या केल्या आहेत.

शिवाय आपल्याकडे कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येतच डिजिटल उत्पादने येतात. त्याच कायद्यात ‘अनुचित करार’ ही संकल्पना आहे आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याची मुभा देणारी अट तिच्यात स्पष्ट बसते. ‘मान्य आहे’ या बटणामागच्या अटी एकदा या कसोटीवर घासून पाहायला हव्यात. पैसे न भरता वावरणाऱ्या सदस्यांना हा कायदा पुरणार नाही; त्यांच्यासाठी माहिती तंत्रज्ञान नियमांतली सूचनेची आणि अपिलाची तरतूद गेमिंगच्या जगांपर्यंत न्यावी लागेल.

अडचण एवढीच, की अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. पाचशे रुपयांच्या स्किनसाठी कुठला मुलगा वा त्याचे आईबाप तेवढी पायपीट करतील? पण नोंदणीकृत ग्राहक संघटनेला तक्रार करण्याचा अधिकार याच कायद्याने दिला आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, तीही एकट्या गिऱ्हाइकाचे बळ तोकडे पडते म्हणूनच. या प्रश्नावरची पहिली तक्रार तिच्यासारख्या संघटनेने याच वर्षी दाखल करावी.