कुंडीतल्या किडीसाठी शेतातलं विष नको

जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसू लागला की बागेची हौस असलेला माणूस अस्वस्थ होतो. हा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. मग गावाहून येणाऱ्या कुणाला तरी निरोप जातो, ‘येताना थोडं फवारणीचं औषध आण.’ ते कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत येतं आणि ओट्याखाली जाऊन बसतं. सरकारी रुग्णालयात इतकी वर्षं काढल्यावर मला किडीपेक्षा या बाटलीची धास्ती जास्त वाटते.

विषाला आपण ‘औषध’ म्हणतो, तिथेच घोळ सुरू होतो. शेतातली अनेक कीटकनाशकं ऑर्गनोफॉस्फेट गटातली असतात. ती किडीच्या मज्जासंस्थेवर जो घाव घालतात, तोच आपल्याही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम थांबत नाही, छातीत पाणी झाल्यासारखा श्वास घरघरतो. हे विष पोटातूनच नाही, तर त्वचेतूनही शरीरात जातं. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस निघालं होतं. स्वयंपाकघर आणि कीटकनाशक यांच्यात अंतर का हवं, हे यापेक्षा वेगळं काय सांगायचं?

शिवाय बाल्कनीतली तुळस आपण तोडून थेट चहात टाकतो. मांजर कुंडीत लोळतं आणि मग अंग चाटतं.

मांजराने माती उकरू नये म्हणून काही घरांत कुंडीत डांबर गोळ्या टाकतात. नॅप्थलीनच्या या गोळ्या रांगत्या बाळाला खडीसाखरेसारख्या दिसतात. जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतःच कमी असलेल्या मुलाने एखादी गिळली, तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात, कावीळ होते, लघवी गडद होते. घुशी-उंदरांसाठीची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट त्याहून वाईट. पहिले एक-दोन दिवस रुग्ण बरा वाटू शकतो, नंतर यकृत निकामी होतं. त्यावर उतारा नाही.

आणि हे सगळं कशासाठी? पिठ्या ढेकूण पाण्याच्या जोरदार धारेने निघतात. उरलेले स्पिरिटच्या बोळ्याने पुसावेत. मावा असेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारावं, आठवड्याने पुन्हा. एखादी फांदी फारच किडली तर छाटून टाकावी. आपल्याला त्या जास्वंदीवर संसार चालवायचा नाही. मांजरासाठी मातीवर मोठे गोटे रचावेत किंवा जाळी अंथरावी. कुत्रा पानं चघळत असेल तर कुंडी उंचावर टांगावी.

विकत आणायचंच असेल तर मूळ डब्यातलंच आणा. लेबलवरच्या चौकोनात लाल किंवा पिवळा त्रिकोण असेल तर ते घरात नकोच. माझ्या मते सुटं कीटकनाशक विकणाऱ्या दुकानदारावर कारवाई व्हायला हवी. आज ते विकत घेणं फिनेल घेण्याइतकं सोपं आहे.

विष पोटात गेलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, ते फुप्फुसात जातं. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणाने आंघोळ घाला, स्वतः हातमोजे घालून. १०८ ला फोन करा आणि बाटली किंवा डबा सोबत आणा. त्यावरचं नाव वाचता आलं, तर आमचा बराच वेळ वाचतो.