आईच्या मजुरीचं काय?

ऑगस्ट 2020 च्या शेवटी गोसीखुर्द धरणाचे 33 च्या 33 दरवाजे उघडले आणि वैनगंगा ब्रह्मपुरी, सावली, वडसा, गडचिरोलीकडच्या गावांत शिरली. आमचं गाव तिच्याच काठचं. आमचा मोहल्ला उताराला. वर कोण राहतं हे तुम्हाला सांगायला नको. टाळेबंदीनं मुंबईच्या गोदीतलं कंत्राटी काम सुटलेलं, म्हणून मीही गावीच होतो.

पाणी ओसरलं, साहेब आला. पडक्या भिंती मोजल्या, मेलेल्या शेळ्या मोजल्या, सडलेलं धान लिहून घेतलं. माझा सहा वर्षांचा भाचा तिथंच उभा होता. अंगावर ओरखडा नाही, मग लिहिणार काय?

तो रोज अंथरूण ओलं करायचा. पत्र्यावर पाऊस वाजला की मायचा पदर मुठीत धरून बसायचा. बोलणं तर बंदच. कोणी अंगारा लावला. बाप म्हणाला, "दोन थापडा हाना, सुधरते." मीही हसलो, दोस्तांनो. कविता लिहिणारा मी, हसलो! शाळा मार्चपासून बंद, म्हणजे तोही आसरा नाही.

शिकलेले लोक सांगतात, अशा लेकराजवळ आईबापानं राहावं, त्याचं ऐकावं, मारू नये, खाणंझोपणं वेळेवर ठेवावं. खरं आहे ते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ॲना फ्रॉइडनं तिथली मुलं सांभाळली. तिला दिसलं की पोरांना बॉम्बपेक्षा आईची ताटातूट जास्त मोडते.

पण माय जवळ राहील कशी? धान गेलं, हप्ते थकले. जानेवारीत बहीण-दाजी मिरची तोडायला तेलंगणात गेले. पोर आजीजवळ. सडकेवर जीप थांबली की हे मागं धावायचं. मी गोदीत परतलो होतो. एकदा फोनवर विचारतो कसा, "मामा, तुमच्या समुद्राले दरवाजे हायेत का?" नाही म्हणालो. मग म्हणे, "माय कधी येते?"

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं आपत्तीतल्या मानसिक आधारावर 2009 मध्येच मार्गदर्शक तत्त्वं काढली. आमच्या मोहल्ल्यात पुरात काय काय वाहून आलं, तेवढं पुस्तक आलं नाही. जुलै 2022 मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीत पुन्हा पूर. भामरागडला तर पर्लकोटेचा पूल पावसाळ्यात बुडत आलाय. तिथल्या माडिया पोरांच्या रात्री कोण मोजतं?

आईबापाला उपदेश फुकट असतो, म्हणून सगळे देतात. भिंतीचे पैसे मिळतात, शेळीचे मिळतात. पुढच्या पुरानंतर तहसीलवर जाल तेव्हा निवेदनात पहिली मागणी ही टाका: पुरातल्या लेकराजवळ घरी राहायला आईला नाहीतर बापाला तीन महिन्यांची रोजी द्या, रोहयोच्या दरानं, रोख. आणि पंचनामा करणाऱ्याला सांगा, आधी पोरांजवळ बस, शेळ्या नंतर मोज.