सरखेल तुळाजी आणि द्रोहाचा आरोप

वाघोटन खाडीच्या मुखावरील विजयदुर्गाचा विषय निघाला की, तुळाजी आंग्रे फितूर व राज्यद्रोही होता, म्हणूनच नानासाहेब पेशव्यांना इंग्रजांची कुमक घेऊन त्याचे पारिपत्य करावे लागले, असा निवाडा आपल्याकडील कित्येक जाणते आजही निःशंकपणे देतात. हा निवाडा अन्यायाचा आहे.

पूर्वपक्ष अगदीच निराधार आहे असे नव्हे. तुळाजीने वाडीकर सावंतांच्या व बावडेकर अमात्यांच्या मुलखास उपद्रव दिला, पुण्याचा हुकूम जुमानला नाही, हे खरे. त्याबाबत त्याचा कैवार मी घेणार नाही. परंतु सरखेलीचा, म्हणजे आरमारप्रमुखपदाचा, मान त्याला छत्रपतींकडून मिळालेला होता, पेशव्यांकडून नव्हे; आणि १७४९ साली शाहू महाराज निवर्तल्यावर साताऱ्यास ताराबाई एकीकडे व पेशवे दुसरीकडे अशी खुद्द राज्याचीच दोन शकले झाली असता, दर्यावरच्या एका सरदाराची निष्ठा तेवढी अभंग राहावयास हवी होती, असा आग्रह धरणारे मूळ दुभंगाचे खापर त्याच्या एकट्याच्या माथी फोडतात. चाचेगिरीचा आरोप तर मुंबईकर इंग्रजांचा. दस्तकावाचून जाणारे जहाज धरण्याचा जो अधिकार पोर्तुगीजांनी याच किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या गाजविला, तोच आंग्र्यांनी बजावला.

अमेरिकेच्या क्रांतियुद्धात बेनेडिक्ट अर्नोल्ड या सेनानीने १७८० साली वेस्ट पॉइंटचा किल्ला इंग्रजांच्या घशात घालण्याचा कट केला आणि तो फसताच तो शत्रूकडे पळाला. द्रोह म्हणतात तो हा. विजयदुर्गावर इंग्रजांना आणले ते तुळाजीने नव्हे; मार्च १७५५ मध्ये त्यांच्याशी करार केला तो पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव यांनी. इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह मुंबईहून निघाले ते लुटीची वाटणी आपसांत आधीच ठरवून, आणि तीत मराठ्यांचा वाटा धरलेला नव्हता!

फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनची जहाजे खाडीत शिरण्यापूर्वी तुळाजी गड मेहुण्याच्या हवाली करून बोलणे लावण्यास गेला, तो मराठ्यांच्याच छावणीत. ज्याचे इमान विकाऊ असते, तो अशा घटकेस वरचढ गिऱ्हाईक शोधतो. पुढे तोफगोळ्याने एक जहाज पेटले. तेही पूर्वी इंग्रजांच्या कंपनीकडूनच जिंकलेले. त्याची आग शेजारच्या गुराबांना व गलबतांना लागत गेली आणि तुळाजीचे वडील कान्होजी यांच्या वेळेपासून उभे राहिलेले आरमार एका संध्याकाळी जळाले. त्या आगीने पुणे दरबारचे कोणते हित साधले, याचे उत्तर तुळाजीस द्रोही म्हणणाऱ्यांनी आधी द्यावे.

तुळाजी अविचारी होता, उद्दाम होता, द्रोही नव्हता. करारानुसार पेशव्यांचा असलेला विजयदुर्ग इंग्रजांनी ऑक्टोबरपर्यंत सोडला नाही, बाणकोट त्यांच्याकडेच राहिला, आणि मराठ्यांच्या छावणीत विश्वासाने गेलेला सरखेल मरेपर्यंत पेशव्यांच्या बंदिवासात राहिला.