एक तुकडा की दोन?

ऐन स्पर्धेच्या आठवड्यात रॅकेटचं गटिंग तुटलं तर कसं वाटतं, हे खेळणाऱ्यालाच विचारावं. माझ्या १२ वर्षांच्या भाचीवर गेल्या महिन्यात हीच वेळ आली. सराव संपता संपता ‘टण्’ असा आवाज झाला आणि तिच्या टेनिस रॅकेटची मधली तार लोंबायला लागली. स्वारी अगदी रडवेली! संध्याकाळी मी तिला घेऊन गटिंगवाल्या काकांकडे गेलो.

काकांनी रॅकेट उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “एका तुकड्यात करायचं की दोन तुकड्यांत?”

भाचीनं माझ्याकडे पाहिलं, मी भाचीकडे. शेवटी तिनंच ठोकून दिलं, “फेडररसारखं करा!”

काका हसले. म्हणाले, “करतो की! पण हात तुझा आहे, बाळ, फेडररचा नाही. आधी इथं बस आणि बघ.”

तासभर बसून आम्ही जे पाहिलं, ते आज तुम्हाला सांगतो.

रॅकेटमध्ये उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारच्या तारा असतात. बऱ्याच रॅकेटना १६ उभ्या आणि १९ आडव्या तारा असतात. आधी सगळ्या उभ्या तारा ओढून घेतात. मग बाज विणतात तशी एकेक आडवी तार उभ्या तारांच्या वरून-खालून, वरून-खालून नेतात. या सगळ्याला मिळून सुमारे १२ मीटर तार लागते.

आता जरा गणित करू. एकेक तार यंत्रावर साधारण २४ किलो वजनाइतक्या ताणानं ओढली, तर १६ उभ्या तारांचे झाले ३८४ किलो! एवढा जोर रॅकेटचं डोकं आणि गळा यांना एकमेकांकडे खेचतो. फ्रेम थोडी आखूड आणि रुंद होऊ पाहते. आडव्या तारा ओढल्या, की तीच फ्रेम पुन्हा मूळ आकारात येते. म्हणून उभ्या तारा ओढताना मधून सुरुवात करायची, मग एक उजवीकडे, एक डावीकडे. तबला जुळवणारा नाही का, एका बाजूच्या गट्ट्यावर ठोकलं की समोरच्या गट्ट्यावर ठोकतो! तसंच हे. सगळा ताण एकाच बाजूला आला तर फ्रेम वाकते, कधी तडकतेही.

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ.

एका तुकड्याच्या पद्धतीत उभ्या तारा झाल्या की तारेचं जे लांब टोक उरतं, त्यानंच आडव्या तारा विणतात. यात गाठी फक्त २. दोन तुकड्यांच्या पद्धतीत उभ्यांसाठी एक तुकडा, आडव्यांसाठी दुसरा. इथं गाठी ४. गाठ मारताना थोडा ताण सुटतो, म्हणून काहींना एकच तुकडा बरा वाटतो.

मग सगळ्यांनी एकच तुकडा का वापरू नये? खरी गंमत इथंच आहे. रॅकेटचा गळा मजबूत असतो, डोकं त्या मानानं नाजूक. आडव्या तारा गळ्याकडून सुरू केल्या तर फ्रेमवरचा ताण डोक्याकडे सरकत जातो. म्हणून पुष्कळ कंपन्या सांगतात, की आडव्या तारा डोक्याकडून गळ्याकडे विणा. पण उभ्या तारांचं टोक शेवटी गळ्याशीच आलं, तर त्याच तुकड्यानं वरून सुरुवात कशी करणार? कसबी माणसं मोठा वळसा घेऊन तेही जमवतात. त्या युक्तीला ‘अराउंड द वर्ल्ड’ म्हणतात. पण सोपा उपाय म्हणजे दुसरा तुकडा घेणं.

टोक कुठं येणार हे पाहायला फक्त सम-विषम यायला हवं. भाचीच्या रॅकेटला १६ उभ्या तारा, म्हणजे प्रत्येक बाजूला ८. सुरुवात गळ्याशी. पहिली तार वर गेली, दुसरी खाली आली, तिसरी वर... आठवी? खाली! भाचीनं बोटांवर मोजलं आणि ओरडली, “काका, दोन तुकडे!”

पद्धत ठरली. आता राहिली तार.

फेडररच्या रॅकेटला उभ्या तारा आतड्याच्या असत आणि आडव्या पॉलिएस्टरच्या. दोन जातींच्या तारा, म्हणजे तिथंही दोन तुकडे आलेच. आतड्याची तार फार जुनी. फ्रान्समधली बाबोला कंपनी टेनिससाठी ती १८७५ पासून करू लागली. इंग्रजीत तिला ‘कॅटगट’ म्हणतात, पण त्यात मांजराचं काही नसतं हं! आज ती गाईच्या आतड्यापासून करतात. ती मऊ असते, पण फार महाग. पॉलिएस्टर टिकाऊ, पण कडक. जोरात फटके मारून तारा तोडणाऱ्या मोठ्या खेळाडूंना ते उपयोगी पडतं. पण त्या कडक तारेचा धक्का हातापर्यंत पोचतो.

हे आम्हाला अनुभवानं माहीत होतं. आदल्या वर्षी आम्हीच हट्टानं पॉलिएस्टरचं अगदी घट्ट गटिंग करून घेतलं होतं, कारण काय, तर चॅम्पियन तसं करतात! महिनाभरात भाचीचं कोपर दुखायला लागलं आणि दोन आठवडे खेळ बंद. गटिंग सैल असेल तर चेंडू लांब जातो, घट्ट असेल तर हवा तिथं टाकता येतो, हे खरं. पण सोसायचं असतं हातालाच. तिच्या फ्रेमवर ताण छापलेला होता : ५० ते ६० पौंड, म्हणजे सुमारे २३ ते २७ किलो. आमची नजर तोवर त्यावर कधी गेलीच नव्हती.

भाची जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “काका, दोन्ही तुकडे मऊ नायलॉनचे घाला. ५० पौंडांवर.”

स्पर्धेत ती दुसऱ्या फेरीत हरली. पण कोपर दुखलं नाही, आणि दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा सरावाला हजर!

तेव्हा दोस्तांनो, तुकडे किती हे रॅकेट बघून ठरवा. तार कोणती आणि ताण किती, हे आपला हात बघून ठरवा. आईबाबांसाठी एक ठोकताळा : मूल आठवड्यात जितके दिवस खेळतं, तितक्या वेळा वर्षात गटिंग बदलावं. आणि हो, हे सगळं टेनिसचं. बॅडमिंटनच्या हलक्या रॅकेटला ताण याहून बराच कमी असतो, तिचे नियमही वेगळे.

जाता जाता एक कोडं. रॅकेटला १८ उभ्या तारा आहेत आणि सुरुवात गळ्याशी केली आहे. आडव्या तारा वरून विणायच्या आहेत. एक तुकडा चालेल का?

(उत्तर : चालेल. प्रत्येक बाजूला ९ तारा, म्हणून टोक डोक्याशी येतं.)