गंजाला काळे फासून वॅगन धडधाकट होत नाही!

झाशीचा एक उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला लोखंड तापणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मे महिन्यात यार्डात उभ्या वॅगनच्या पत्र्याला हात लागला तर चटका बसतो आणि जुलैत त्याच पत्र्यावरून पाणी निथळत असते. १८९५ साली उभ्या राहिलेल्या झाशीच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात पिढ्यान् पिढ्या कामगारांनी हातोडा, छिन्नी आणि वायर ब्रश घेऊन या उन्हापावसाशी सामना दिला. गंज उतरवला, कुजलेला पत्रा कापला, नवा जोडला. २००३ साली उत्तर मध्य रेल्वे सुरू होईपर्यंत झाशी मध्य रेल्वेतच होती. त्यामुळे भुसावळ-नागपूरकडच्या आपल्या माणसांना हे गाव परके नाही.

आज या जुन्या कामाबद्दल लिहिण्याचे कारण एक बाटली आहे. कारखाना असो, डेपो असो की टपाल खात्याचे मोटार गॅरेज, साहेबांच्या तोंडी हल्ली एक शब्द वारंवार येतो : रस्ट कन्व्हर्टर. ‘आता घासायला नको, ठोकायला नको, पत्रा कापायला नको. ब्रश मारा, गंजाचेच संरक्षक कवच होईल!’ आणि या वाक्याच्या पोटात दुसरे वाक्य लपलेले असते : ‘मग एवढी माणसे कशाला?’

आम्ही नव्या साधनांचे शत्रू नाही. म्हणून आधी या बाटलीचे गुण प्रामाणिकपणे सांगू.

तिच्यात बहुधा टॅनिक आम्ल किंवा फॉस्फरिक आम्ल असते, काहींत दोन्ही, आणि जोडीला थर धरून ठेवणारे रेझिन. टॅनिक आम्ल गंजातल्या लोहाशी मिळून काळे-निळे लोह टॅनेट बनवते. यात जादू काही नाही. हिरडा आणि हिराकस एकत्र करून आपल्या पूर्वजांनी काळी शाई केली, तीच ही क्रिया. फॉस्फरिक आम्ल गंजाचे लोह फॉस्फेट करते. पातळ आणि घट्ट बसलेल्या गंजावर, जिथे ब्रश नीट पोहोचत नाही अशा खाचेत, वरून प्रायमर आणि रंग वेळेवर देणार असू तर, हे औषध उपयोगी आहे. मेल मोटारीच्या मडगार्डवर नुकता आलेला लालसर थर त्याने आवरतो. शिवाय घासण्याची धूळ कमी होते, हेही खरे. वाळूच्या माऱ्याने गंज काढताना कामगाराच्या फुप्फुसात सिलिका जाते आणि सिलिकोसिस होतो, म्हणून ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी त्या कामात वाळू वापरणे बंद केले. धूळ कमी करणाऱ्या कोणत्याही साधनाचे आम्ही स्वागतच करू.

पण गुण सांगितले, आता मर्यादाही ऐका. बाटलीवरची सूचना सहसा साहेब वाचत नाहीत, आम्ही वाचतो. तिथे लिहिलेले असते : सुटा गंज, पापुद्रे, तेल आणि ग्रीस आधी काढा. म्हणजे घासणे-ठोकणे चुकलेले नाहीच! जाड पापुद्र्यावर औषध लावले तर वरचा थर काळा होतो आणि खालचा गंज आपले काम चालू ठेवतो. तिथे लिहिलेले असते : तापलेल्या पत्र्यावर, भर उन्हात लावू नका. कारण क्रिया पुरी होण्याआधीच ते वाळते. ओल्या पत्र्यावरही नको. आता झाशीच्या मे महिन्यात उघड्या यार्डात आणि जुलैच्या पावसात हे काम कसे करायचे, ते छपराखालच्या कचेरीत बसणाऱ्यांनी दाखवून द्यावे.

कोळशाच्या वॅगनचा गंज तर साधा गंजही नव्हे. कोळशात गंधक असते. कोपऱ्यात अडकलेला चुरा पावसात भिजला की त्यातून आम्ल झिरपते आणि पत्रा आतून खात राहते. मिठाच्या आणि खताच्या मालाने क्षार मुरतात. जुन्या डब्यांच्या संडासाखालच्या भागाचे आणि सोलबारचे काय होते ते कॅरेज खात्यातल्या प्रत्येक फिटरला ठाऊक आहे. हे क्षार धुऊन काढल्याशिवाय वर काहीही फासले तरी काही महिन्यांत फोड येतात आणि फोडाखाली पत्रा कागद झालेला असतो.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. समजा पत्रा पाच मिलिमीटरचा होता आणि गंजून तीनवर आला. जगातली कोणतीही बाटली ते दोन मिलिमीटर परत आणत नाही. रंग बदलतो, जाडी बदलत नाही. पेटीत भरले जाते ते वजन रंग पाहून कमी होत नाही! बॉक्सएन वॅगनचे मूळ भरलेले वजन ८१.२८ टन धरले होते. २००५ नंतर ठरलेल्या मार्गांवर त्याहून जादा भरण्याची मुभा दिली गेली. म्हणजे वरून भार वाढत गेला. त्याच काळात खालचा पत्रा झिजत असेल आणि आपण त्यावर काळा हात फिरवत असू, तर त्याला दुरुस्ती म्हणायचे की डोळ्यांत धूळफेक? टीएक्सआर हातोडीने ठोकून आवाज ऐकतो तो याचसाठी. कुजलेल्या पत्र्याचा आवाज लपत नाही, पण त्याचे तोंड रंगवले तर तो डोळ्यांना फसवतो. आणि पुढे फरशी फाटली, दार निखळले, तर चौकशीत नाव कोणाचे निघते? बाटली विकत घेणाऱ्याचे नाही. ‘फिट’ म्हणून सही करणाऱ्याचे निघते.

टपालातल्या साथींनी हे रेल्वेवाल्यांचे रडगाणे समजू नये. एका शहरातली हकिगत आहे. गावाचे आणि कचेरीचे नाव देत नाही, कारण तिथला साथी अजून नोकरीत आहे. मेल मोटारीची मागची फरशी गंजली होती. नवी टाकण्याऐवजी तिच्यावर औषध मारून रंग दिला गेला. पहिल्याच मोठ्या पावसात चाकाचे पाणी भोकातून वर उडाले आणि पिशव्या भिजल्या. खुलासा मागितला गेला तो पिशव्या चढवणाऱ्याकडे! सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले. ठीक आहे, म्हाताऱ्या गाड्या मोडीत जाव्यात. पण त्यांच्या जागी खात्याची नवी गाडी येते की ठेकेदाराची, हा आमचा प्रश्न आहे. आणि जी गाडी १५ वर्षांच्या आतली आहे तिला फरशी द्यायची की काजळ, हाही प्रश्न आहे.

आता हातांबद्दल बोलू. हे औषध लावतो कोण? पुष्कळ ठिकाणी ठेकेदाराचा रोजंदारीवरचा मुलगा. बाटलीत आम्ल आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. रबरी हातमोजे नाहीत, चष्मा नाही, डोळे धुवायला जवळ नळ नाही. काही औषधांत असे द्रावक असतात की ते श्वासातून आणि कातडीतून अंगात जातात, बंद डब्यात तर जास्तच. जुन्या रंगाच्या थरांत झिंक क्रोमेट असेल तर तो घासताना उडणारी पूड कर्करोगाला निमंत्रण देते. कारखाना कायदा, १९४८ याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस आणि क्रोमचे व्रण हे कळवलेच पाहिजेत अशा रोगांत होते. २०२० च्या संहितेने हे जुने कायदे आपल्यात ओढून घेतले. पण कलम कोणत्याही पुस्तकात असो, भाजणारी बोटे तीच आहेत.

काही जण विचारतील, युनियनने बाटलीवर लेख का लिहावा? त्यांना झाशीचीच आठवण करून देतो. १९२९ च्या मीरत खटल्यात झाशीचे लक्ष्मणराव कदम आणि जीआयपी रेल्वेमन्स युनियनचे के. एन. जोगळेकर हे एकाच खटल्यातले आरोपी होते. त्या पिढीने आम्हाला हे शिकवले की कामाची पद्धत कोण ठरवतो हा प्रश्न पगाराइतकाच मोठा आहे. पद्धत बदलली की माणसे कमी होतात, मग कामाचा दर्जा घसरतो, आणि घसरलेल्या दर्जाचा ठपका उरलेल्या माणसांवर येतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांत एकही अशी नाही की जी प्रवाशाच्या किंवा मालधन्याच्या हिताविरुद्ध आहे :

१. रस्ट कन्व्हर्टर फक्त पातळ, घट्ट गंजावर. भार वाहणाऱ्या भागावर आधी जाडी मोजा. मर्यादेखाली असेल तर पत्रा बदला.

२. जाडीचे आकडे नोंदवहीत लिहा आणि त्यावर निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचीही सही घ्या.

३. आउटटर्नच्या आकड्यासाठी दुरुस्तीचे तास कापू नका.

४. औषधाच्या घटकांची माहिती मराठी-हिंदीत भिंतीवर लावा. हातमोजे, चष्मा, पाण्याचा नळ, हवा खेळती ठेवणारे पंखे द्या. ठेक्यावरच्या कामगारालाही तेच.

५. बारमाही चालणारे गंजाचे काम ठेक्यावर देऊ नका. रिक्त जागा भरा.

बंधुभगिनींनो, गंजाचा स्वभाव सरळ आहे. दुर्लक्ष केले की वाढतो, झाकला की आतून वाढतो, आणि उघडा करून मुळापासून काढला तरच थांबतो. प्रशासनाच्या कारभारावरचा गंजही याच जातीचा आहे. आणि खरे सांगायचे तर आपल्या शाखांच्या सभांना येणाऱ्यांची संख्या रोडावते तेव्हा आपल्यावरही तो चढू लागलेला असतो. त्यावर घोषणांचा रंग पुरणार नाही. पुढच्या शाखासभेत हा विषय घ्या, आपल्या शॉपमधल्या, गॅरेजमधल्या बाटलीवरची सूचना मोठ्याने वाचा आणि विचारा : यातले आपल्याकडे काय पाळले जाते?

उत्तर लिहून काढा. लढ्याची सुरुवात तिथून आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!