प्रतिशब्दाचा हट्ट

‘डायलेशन’ या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न स्वभाषाप्रेमी मंडळींच्या बैठकीत निघाला की दोन तट पडतात. एक तट कोश उघडतो, ‘विस्फारण’, ‘प्रसरण’, ‘विस्तारण’ यांपैकी एकावर बोट ठेवतो आणि तोच शब्द सर्वत्र चालवावा असा आग्रह धरतो. दुसरा म्हणतो, एवढा खटाटोप कशाला, ‘डायलेशन’च राहू द्या. आमच्या मते दोन्ही तटांचा रोग एकच आहे. इंग्रजीत एक नाम आहे तेव्हा मराठीतही एकच नाम असले पाहिजे, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. पहिल्याला ते सापडले असे वाटते, दुसऱ्याला ते सापडणारच नाही असे वाटते, इतकाच फरक.

मूळ शब्दाचा अर्थ साधा आहे. लॅटिनमध्ये ‘लातुस’ म्हणजे रुंद. त्यास अलगपणा दाखविणारा उपसर्ग लागून ‘रुंद करणे’ हे क्रियापद झाले. त्यावरून इंग्रजीने डोळ्याची बाहुली, रक्तवाहिनी, गर्भाशयाचे मुख, हृदयाचा कप्पा, भूमितीतील आकृती आणि अखेर साक्षात काळ, अशी सर्वांची सोय एकाच शब्दात लावली. एखाद्या विषयावर ऐसपैस बोलत राहण्यासही तेच क्रियापद चालते. आपण त्यास पाल्हाळ म्हणतो. (दिरंगाईला लावतात तो ‘डिलेटरी’ शब्द मात्र या कुळातला नव्हे, तो पुढे ढकलण्याच्या निराळ्या क्रियापदावरून आला. कचेरीत आयुष्य घालविलेल्या आमच्या वाचकांना फुगत जाणारी फाईल आणि रखडणारी फाईल यांत नाते दिसले, तर तो व्युत्पत्तिशास्त्राचा दोष नव्हे.)

आता ‘विस्फारण’ घ्या. मराठीत डोळे विस्फारतात ते आश्चर्याने किंवा भयाने, आणि तेव्हा हलतात त्या पापण्या. नेत्रवैद्य थेंब घालून जी मोठी करतो ती बुबुळामधली बाहुली. पापणी मिटलेली असली तरी ती मोठी होतेच. ‘आपले डोळे विस्फारावे लागतील’ असे ऐकून एखादे वृद्ध गृहस्थ भुवया उंचावून बसले, तर त्यांनी मराठीचा अर्थ बरोबरच लावला असे म्हणावे लागेल. ‘प्रसरण’ उष्णतेने लोखंडाचे होते, हे प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असते. ‘विस्तार’ मंत्रिमंडळाचा होतो, आणि विस्तार अधिकारी पंचायत समितीत बसतो. हे शब्द मोकळे पडलेले नाहीत. प्रत्येकाचे घर वसलेले आहे.

याउलट ज्या क्रिया आपल्या माणसांनी डोळ्यांनी पाहिल्या व हातांनी हाताळल्या, त्यांना नावे शोधण्याची वेळ मराठीवर कधी आलीच नाही. नाकपुड्या फेंदारतात. छाती फुगते. नदीचे पात्र रुंदावते. प्रसूतीच्या खोलीत सुईण ‘पिशवीचे तोंड दोन बोटे उघडले’ असे सांगे. आजचा डॉक्टर तेच माप सेंटिमीटरमध्ये घेतो आणि 10 सेंटिमीटर झाले की तोंड पूर्ण उघडले म्हणतो. यात शास्त्राचे काय उणे पडले? नवख्या गावी, परभाषी परिचारिकांमध्ये पडलेल्या पहिलटकरणीस ‘ग्रीवा-विस्फारण चालू आहे’ असे सांगणाऱ्याने तिला धीर दिला की घाबरविले, याचा विचार कोशकारांनी अवश्य करावा.

कोणी म्हणेल, एवढ्याने कोणाचे काय बिघडते? बिघडते, असे आमचे स्पष्ट मत आहे. हृदयाचेच पाहा. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला की हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. दुसऱ्या एका विकारात तोच कप्पा ताणला जाऊन रुंद होतो, भिंत बहुधा पातळ पडते आणि रक्त पुढे ढकलण्याचा जोर ओसरतो. इंग्रजीत या दोन अवस्थांना दोन वेगळी नावे आहेत. आपण मात्र दोन्हींना ‘हृदय मोठे झाले’ म्हणून मोकळे होतो. कोशाचा ‘विस्तार’ही हा भेद सांगत नाही. ‘भिंत जाड झाली’ आणि ‘कप्पा ताणून सैल पडला’ ही दोन वाक्ये कोणत्याही मराठी माणसास समजतील, आणि औषध नियमित का घ्यायचे हेही त्याबरोबर समजेल.

काळाची गोष्ट अधिक नाजूक आहे. आइन्स्टाइनने 1905 साली दाखवून दिले की, आपल्या दृष्टीने वेगाने जाणारे घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा सावकाश चालते. वातावरणात उंचावर जन्मणारा म्यूऑन नावाचा कण स्थिर असता सरासरी 2.2 मायक्रोसेकंद टिकतो. तेवढ्या अवधीत प्रकाशाच्या वेगानेही सुमारे 660 मीटरच अंतर काटले जाईल. तरी असे असंख्य कण कित्येक किलोमीटर खाली जमिनीपर्यंत पोचतात, कारण आपल्या घड्याळाने मोजता त्यांचे आयुष्य लांबलेले असते. यास ‘कालप्रसरण’ म्हणावे, तर प्रसरण पावणारे विश्व त्याच पुस्तकात पुढे उभे असते, आणि विद्यार्थी बिचारा दोन्हींची सांगड घालीत बसतो. आधी ‘घड्याळ मंदावते, अवधी लांबतो’ असे सांगावे. नाम मागाहून कोणतेही द्यावे.

1961 साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाने देशभर शक्यतो एकच परिभाषा चालावी म्हणून संस्कृताचा आधार घेतला. त्या हेतूस आम्ही नावे ठेवीत नाही. गणितज्ञास प्रमेय मांडण्यासाठी नाम लागतेच. परंतु ग्रंथातली परिभाषा रुग्णाच्या उशाशी आणून ठेवणे ही निराळी गोष्ट, आणि तिला भाषासेवा म्हणता येणार नाही.

दुसऱ्या तटाला तर आम्ही अधिकच दोष देऊ, कारण तो तट आपल्याच घरांत आहे. कचेरीत इंग्रजी, बाजारात हिंदी, बंगाली किंवा तेलुगू, आणि घरी उरलेली मराठी, असे आपले दिवस जातात. या उरलेल्या मराठीतून प्रथम गळतात ती क्रियापदे. ‘बाबांचे डोळे डायलेट केले’, ‘शिरा डायलेट झाल्या’: करणे आणि होणे एवढी दोनच शिल्लक राहिली की बाकीचे काम इंग्रजी नामे करतात. फेंदारणे, फाकणे, रुंदावणे, सैलावणे हे शब्द आपल्या मुलांनी ऐकायचे कोठे?

निदान जे आपल्या हाती आहे ते करू. अनेक महाराष्ट्र मंडळांतून नेत्रतपासणीची शिबिरे भरतात. तेथे थेंब घालण्यापूर्वी दारावर एवढे मराठीत लिहून लावावे, आणि ते डॉक्टरांना दाखवून घ्यावे: ‘या थेंबांनी डोळ्याची बाहुली मोठी होईल. काही तास जवळचे अंधुक दिसेल व उजेडाने डोळे दिपतील. काचबिंदूचा त्रास असल्यास आधी सांगावे. घरी परतताना स्वतः वाहन चालवू नये. सोबत कोणास तरी आणावे.’