शाळा बंद पडली : कर्ता ओळखा

घाटकोपर पश्चिमेच्या डोंगरउतारावरच्या एका वस्तीत दर शनिवारी मी सातवीच्या अठरा मुलांकडून मराठीची उजळणी करून घेते. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. गेल्या महिन्यात कर्ता ओळखायला सांगून फळ्यावर लिहिलं, 'शाळा बंद पडली.' वर्ग एका सुरात म्हणाला, "शाळा." व्याकरणाच्या दृष्टीनं उत्तर बरोबर होतं. मागच्या रांगेतली एक मुलगी मात्र उठून म्हणाली, "बाई, शाळा स्वतःहून कशी बंद पडेल? कुणीतरी पाडली असेल ना?"

अंधेरी, बोरिवली, मुलुंडमधल्या आपण शिकल्यासवरल्या मराठी माणसांनी या मुलीला उत्तर द्यायला हवं. मराठी शाळा आपण बंद पाडली. आधी आपली मुलं काढून घेतली. मग पट घसरला, तुकड्या गेल्या, शिक्षक अतिरिक्त ठरले आणि एके दिवशी वर्गाला कुलूप लागलं. उरली ती धुणीभांडी करणाऱ्या बाईची, रिक्षावाल्याची, नाक्यावरच्या मजुराची मुलं. ज्या शाळेत साहेबाचं मूल नाही, तिथे काय शिकवलं जातं याची चौकशी साहेब कशाला करील?

माझ्या अठरांपैकी अकरा जण जोडाक्षराशी अडतात. 'प्रकाश' आणि 'पर्वत' या शब्दांत र वेगवेगळ्या जागी का बसतो, हे त्यांना कुणी समजावलेलंच नाही. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हे ऐकून ती एकमेकांकडे बघत राहिली. ही मुलं मंद नाहीत. घरी मालवणी नाहीतर भोजपुरी, गल्लीत मुंबईची हिंदी, शाळेत मराठी, एवढं सगळं ती सहज पेलतात. आपण त्यांना नुसतं पुढच्या वर्गात ढकलत आणलं. शिक्षण हक्क कायद्यानं नापास करणं थांबवलं, ते मूल शाळेतून गळू नये म्हणून. सतत मूल्यमापन करून कच्चं राहिलेलं पक्कं करून घ्यायचं, हेही त्याच कायद्यात होतं. ते आपण सोडून दिलं. शिक्षकाला मतदारयाद्यांच्या कामाला जुंपलं आणि वर त्यालाच कामचुकार म्हटलं.

झोपडीच्या पुनर्वसनाची नोटीस आली की या घरांत ती सातवीतलं मूल वाचतं. 'पात्र' की 'अपात्र', 'सादर केल्यास' की 'सादर न केल्यास', यावर घर राहणार की जाणार हे ठरतं. व्याकरण म्हणजे पंडितांची चैन, असं ज्यांना वाटतं त्यांच्यावर ही पाळी आलेली नाही.

व्याकरण आणि समतेचं काम यांचं नातं जुनं आहे : 1836 साली मराठीचं व्याकरण छापणारे दादोबा पांडुरंग जातिभेद मोडायला निघालेल्या परमहंस सभेच्याही प्रवर्तकांपैकी एक होते. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सांगितलं की पैसा रयतेचा आणि शिक्षण वरच्यांचं, रयतेचं प्राथमिक शिक्षण मात्र उपाशी. आज उपनगरात वेगळं काय आहे?

2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. 2023 मध्ये शासनानंच राज्य मंडळाखेरीज इतर मंडळांच्या काही तुकड्यांना मराठीचे गुण एकूण निकालात न धरण्याची सवलत दिली. त्याविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पेढे मात्र वाटले. दुकानाच्या पाटीवरचं मराठी अक्षर लहान दिसलं तर आपलं रक्त उसळतं. आपल्याच घरी काम करणाऱ्या बाईच्या मुलीला ती पाटी वाचता येते का, हे आपण तिला कधी विचारलं? हा दुटप्पीपणा आहे, आणि त्याची किंमत बारा वर्षांची मुलं मोजताहेत.

27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, भाषण करायला मला अनेक सोसायट्या बोलावतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे : शनिवारी दोन तास काढा आणि जवळच्या वस्तीतल्या मुलांसमोर पुस्तक उघडून बसा. आमच्या खोलीत पुढच्या शनिवारी विभक्ती आहे. मुलं अठरा आहेत आणि शिकवणारी मी एकटी आहे.